ओमानात भेटलेले आमचे ग्रीक व्याही

मस्कत

माझ्या बॅगेतली सुकेळी पाहून मस्कतच्या कस्टममधला तरुण अधिकारी बुचकळ्यात पडला. वाळक्या पानात घट्ट बांधलेली ती काळपट, चिकट वस्तू त्याने उलटसुलट करून पाहिली. मी म्हटलं, "बनाना! ड्राय बनाना!" त्याने मान हलवली. त्याच्या ओळखीतली केळी पिवळी होती. शेवटी मी एक सुकेळं सोडलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं त्याच्यापुढे धरलं. त्याने ते चाखलं, डोळे मोठे केले आणि शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याला हाक मारली. मी बाहेर पडले तेव्हा माझी एक जुडी कमी झाली होती आणि दोघंजण मला हात हलवून निरोप देत होते. परदेशात पाऊल ठेवून तास झाला नव्हता, आणि मी वसईचं नाव काढलं होतं!

मी फिलोमिना. वसईच्या मराठी शाळेत जन्मभर पहिली-दुसरीची मुलं सांभाळली. निवृत्तीनंतरचा, किंबहुना आयुष्यातलाच, हा पहिला विमानप्रवास. साल २००९, डिसेंबर महिना. निमित्त भाचीच्या साखरपुड्याचं. माझा धाकटा भाऊ डॉमनिक तरुणपणीच मस्कतला गेला आणि एका कंपनीच्या हिशेब खात्यात चिकटला तो कायमचा. त्याची एकुलती एक मुलगी मेरलिन तिथेच जन्मली, तिथेच शिकली आणि इंजिनीअर झाली. आता तिने नवरा निवडला होता तो थेट ग्रीसचा. निकोस त्याचं नाव. मस्कतपासून दूर, सहम नावाच्या गावापुढे एका बंदराचं काम चाललं होतं, तिथे तो जहाजांच्या इंजिनांचं बघायचा.

"फिलू, तू ये," डॉमनिकने फोनवर सांगितलं होतं. "त्याचे आईवडील यायचेत. मला त्यांच्याशी काही बोलायचंय. तू असलीस की माझा आवाज चढणार नाही."

मस्कतच्या अल् खुवैर भागात त्याचा फ्लॅट. खिडकीतून पाहावं तर सगळं शहर पांढरंशुभ्र, जणू आजच चुना फासलाय, आणि त्यामागे उघडेबोडके तपकिरी डोंगर. झाड नाही, गवताचं पातं नाही, तरी डोळे हटत नव्हते! पहिल्याच सकाळी मी हौसेने पाव आणायला खाली उतरले. दुकान समोर दिसत होतं. दहा पावलं गेले नाही तोच एक गाडी थांबली. "आंटी, कुठे सोडू?" मी नको म्हटलं. मग दुसरी थांबली. तिसरीत एक ओमानी बाई होत्या, त्यांनी तर दारच उघडलं. मला बसावं लागलं. पाव घेऊन मी गाडीतून परत आले.

मेरलिन पोट धरून हसली. "आत्या, इथे कोणी चालत नाही ना! दे थिंक, काहीतरी प्रॉब्लेम झालाय."

तिचं मराठी असंच, धावत येऊन मध्येच अडखळणारं. पण पोरगी इतकी आनंदात होती की ते अडखळणंसुद्धा कानाला गोड लागायचं. डॉमनिक मात्र बातम्यांच्या चॅनलसमोरून हलत नव्हता.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वी ग्रीसमध्ये नवीन सरकार आलं. आल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं की आधीच्यांनी दाखवलेले आकडे खरे नव्हते. देशाची तूट सांगितली होती त्याच्या कितीतरी पट. कर्ज तर विचारूच नकोस. आता युरोवाले बाकीचे देश खवळलेत. ह्यांना युरोत ठेवायचं की काय करायचं, यावर जगभर चर्चा चालली आहे."

"पण मुलं तर इथेच राहणार ना?"

"त्याच अटीवर मी हो म्हटलंय. तेच त्यांच्या आईवडिलांसमोर पक्कं करून घ्यायचंय."

व्याही येतात

निकोसच्या वडिलांचं नाव स्टाव्रोस. उंच, पांढऱ्या मिशांचे, हाताचे पंजे फळीसारखे. एका लहानशा बेटावर ते मासेमारीच्या लाकडी होड्या बांधायचे. आई एलेनी ठेंगणी, चटपटीत, नगरपालिकेच्या कचेरीत नोकरीला. दोघांचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे हातांनी बोललं जाणारं. त्यामुळे आमचं पहिल्या मिनिटापासून जमलं!

माझी वहिनी सबिना हिने सुरमईचं आंबट-तिखट कालवण केलं होतं. स्टाव्रोसना घाम फुटला, मिशा ओल्या झाल्या, पण माणूस थांबेना. एलेनीबाईंनी डब्यातून ऑलिव्ह आणले होते. मी एक तोंडात टाकलं आणि चेहरा काय झाला असेल देव जाणे, त्या टाळ्या पिटून हसल्या. मग मी सुकेळी काढली आणि फिट्टंफाट केली.

हे सगळं इतकं छान चाललेलं असताना डॉमनिकने चमचा खाली ठेवला.

"मिस्टर स्टाव्रोस, एक विचारू? तुमचा देश युरोत राहणार की नाही?"

सबिनाने त्याच्याकडे असं पाहिलं की मीच बावरले. पण स्टाव्रोस शांतपणे म्हणाले, "राहणार. नवीन सरकारला मी मत दिलंय. त्यांनी खरं सांगितलं. खरं सांगणारा माणूस दुरुस्त करू शकतो."

"खरं सांगितलं!" एलेनीबाई उसळल्या. "आणि आता भरपाई कोण करणार? सर्वांत आधी माझा पगार कापतील. निवडणुकीत म्हणत होते, पैसा आहे. मी त्या सरकारला मत दिलं नाही, आणि ह्यांनी दिलं म्हणून ह्यांच्याशी आठवडाभर बोललेही नाही."

"दहा दिवस," स्टाव्रोस म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. डॉमनिकसुद्धा. पण एलेनीबाई हसल्या नाहीत. त्या डॉमनिककडे वळून हळू म्हणाल्या, "तुम्ही घाबरलात, बरोबर आहे. मीही घाबरले आहे. मुलांनी इथेच राहावं, असं मलाही वाटतं."

डॉमनिकचा चेहरा उजळला. ज्याच्यासाठी तो आठवडाभर शब्द जुळवत होता, ते समोरूनच आलं होतं! मी मात्र मेरलिनकडे पाहत होते. ती निकोसकडे पाहत होती. आणि निकोस आपल्या ताटाकडे.

सूरच्या वाटेवर

गुरुवारी सुट्टी होती. तिथे तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टीचे असत, आणि चर्चमधली मोठी गर्दीही शुक्रवारी. साखरपुडाही म्हणूनच शुक्रवारी संध्याकाळी ठरलेला. मधला दिवस मोकळा, तेव्हा निकोसच्या डोक्यात आलं की वडिलांना समुद्रकाठचं सूर गाव दाखवावं. तिथे अजून लाकडी गलबतं बांधतात, हे ऐकल्यापासून स्टाव्रोस लहान मुलासारखे मागे लागले होते. दोन गाड्या काढल्या. "यल्ला! चला!" म्हणत डॉमनिकने पुढची हाकली.

काय तो रस्ता! नवाकोरा, रुंद, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि समुद्राचा रंग असा की आमच्या अर्नाळ्याच्या दर्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. मध्ये एके ठिकाणी जमिनीला मोठं गोल भगदाड पडलंय. पायऱ्या उतरून खाली जावं तर तळाशी निळंहिरवं नितळ पाणी. स्थानिक लोक म्हणतात, तिथे आकाशातून तारा पडला होता. आम्ही काठावर उभे राहून वाहवा करतोय, तोवर धप्पकन आवाज झाला. स्टाव्रोसनी शर्टपँटसकट उडी मारली होती!

"वेडा आहे," एलेनीबाई मला म्हणाल्या. "लग्नाच्या आधीही असाच होता."

मीही पाय सोडून बसले. बारीक मासे येऊन तळव्यांना गुदगुल्या करू लागले आणि मी ओरडले ती थेट वरच्या लोकांना ऐकू गेली. मुलं हसत होती, डॉमनिक फोटो काढत होता. एवढ्यात स्टाव्रोसनी पाण्यातच खिसा चाचपला आणि त्यांचा चेहरा पडला. पाकीट खिशातच होतं.

मग आमचा तो उद्योग सुरू झाला. डॉमनिकच्या गाडीचं बॉनेट उन्हाने तापलेलं होतं. त्यावर आम्ही एकेक भिजलेली नोट पसरली आणि वर खडे ठेवले. वारा सुटला की सगळे मिळून हात ठेवायचो. युरोच्या नोटा मी पहिल्यांदाच पाहत होते. रंगीत, खिडक्यादारांची नि पुलांची चित्रं.

डॉमनिक हिशेबातला माणूस, तो वाकून नंबर वाचायला लागला. "हे अक्षर कशाचं?"

"देशाचं," निकोसने सांगितलं. "वाय म्हणजे ग्रीसने काढलेली. एक्स म्हणजे जर्मनीची."

डॉमनिकने सगळ्या नोटांवर नजर फिरवली. एकाच पाकिटात वाय होत्या, एक्स होत्या, आणखीही अक्षरं होती. एकमेकींना चिकटून बसलेल्या.

"समजा वेगळे झालात, तर या वायवाल्यांचं काय होणार?" त्याने विचारलं. या वेळी आवाजात टोचणी नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कोणालाच माहीत नाही," निकोस म्हणाला. "आत कसं जायचं याचे नियम आहेत. बाहेर कसं पडायचं, ते कोणी लिहिलेलंच नाही."

स्टाव्रोस ओल्या कपड्यांनी बॉनेटला टेकून उभे होते. म्हणाले, "आधी आमचा द्राख्मा होता. रोज त्याची किंमत खाली. युरो आला त्या रात्री आम्ही बंदरावर नाचलो. वाटलं, आता आम्हाला कोणी गरीब नातेवाईक म्हणणार नाही." "आता पुन्हा म्हणतात."

नोटा वाळून कडक झाल्या. त्यांनी त्या न मोजताच खिशात कोंबल्या आणि आम्ही पुढे निघालो.

सूर

सूर म्हणजे खाडीला मिठी मारून बसलेलं पांढरं गाव. खाडीच्या काठावर गलबतांचा कारखाना. साग फोडल्याचा वास आला आणि मला एकदम आमचं पाचूबंदर आठवलं. वसईलाही काठाकाठाने होड्या बांधतात, पण इथलं धूड पाहून मान दुखली. एक अख्खं गलबत फासळ्या उघड्या टाकून उभं होतं, आणि त्याच्या पोटात मल्याळी सुतार चढउतर करत होते.

स्टाव्रोस तर हरवलेच. एकेक फासळीला हात लावत फिरत होते. कारखान्याचे मालक, सालेम नावाचे पांढऱ्या दाढीचे ओमानी गृहस्थ, त्यांच्यामागून चालू लागले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. एक बोट दाखवायचा, दुसरा मान डोलवायचा, आणि मग दोघेही मोठ्याने हसायचे.

इकडे आम्ही सावलीत फळ्यांवर बसलो होतो. एलेनीबाईंनी सहज मेरलिनला विचारलं, "इथलं तुझं नोकरीचं कंत्राट अजून किती वर्षांचं आहे?"

मेरलिनने निकोसकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी राजीनामा दिलाय. निकोसनेही. लग्न झालं की आम्ही बेटावर जाणार आहोत. निकोसच्या आजोबांचं घर नीट करून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढणार आहोत."

डॉमनिक उठलाच. "राजीनामा? मला न विचारता? आणि तुम्ही, निकोस, तुम्ही शब्द दिला होता मला!"

"मी द्यायला तयार नव्हतो," निकोस म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही माझं उत्तर ऐकूनच घेतलं नाही."

"रोज बातम्यांत तुमच्या देशाची लाज निघतेय. सरकारला पगार देता येतील की नाही ठाऊक नाही, आणि तुम्ही माझ्या मुलीला तिथे नेणार? खलास! उद्याचं सगळं खलास!"

सुतारांचे हातोडे थांबले. मी डॉमनिकचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला. त्याचा आवाज चढू नये म्हणून मला बोलावलं होतं, आणि तो आता अख्ख्या कारखान्यात घुमत होता.

सालेम तिथे आले. काय झालं म्हणून विचारलं नाही. नुसते आम्हाला आत घेऊन गेले, गालिच्यावर बसवलं, खजूर आणि हलवा पुढे ठेवला, आणि लहान कपांत काहवा, म्हणजे त्यांची कडू कॉफी, ओतला. कप रिकामा झाला की पुन्हा भरायचे. बास असेल तर कप हलवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी आपली पीतच राहिले.

मग त्यांनी डॉमनिकशी अरबीत बोलणं सुरू केलं, आणि डॉमनिक कपाळावर आठ्या घालून आम्हाला सांगत गेला. सालेम म्हणत होते, "आमच्या आखाती देशांनीही एक चलन करायचं ठरवलं होतं. आमचं ओमान म्हणालं, त्या अटी आम्हाला झेपणार नाहीत. आम्ही बाहेर राहिलो. तुम्ही अटी पाळू म्हणून आत गेलात ना?"

"हो," स्टाव्रोस म्हणाले. "आणि आता नवीन सरकार म्हणतं, पाळल्या नव्हत्या."

"घरातल्यांसमोर, म्हणजे युरोवाल्यांसमोर, कबूल केलं?" सालेमनी विचारलं.

"केलं."

"मग भांडतील. पण बोलणं तुटलं नाही अजून."

तेवढ्यात मेरलिन बोलली. मराठीत. सासूसासऱ्यांना कळू नये म्हणून असेल, किंवा बापाला दुसऱ्या भाषेत सांगायचंच नव्हतं म्हणून असेल.

"पपा, मी इथे जन्मले. पण इथे माझं काय आहे? व्हिसा आहे. कंपनीने नको म्हटलं की... संपलं. तू इतकी वर्षं इथे आहेस, तरी दर वेळी व्हिसा संपत आला की तुला झोप लागत नाही. मी बघितलंय. वसईला आपण महिनाभर जातो, तिथे मला सगळे मस्कतची म्हणतात. इथे मला इंडियन म्हणतात." ती शब्द शोधत होती. "निकोसचं घर जुनं आहे. पैसे कमी असतील. पण तिथून कोणी मला जा म्हणणार नाही. ते युरो असू दे, नाहीतर... दुसरं काही असू दे."

इतकं लांब मराठी ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असावी. डॉमनिकच्या हातातला कप तसाच राहिला. सबिना पदराने, म्हणजे ओढणीने, डोळे पुसत होती.

"काय म्हणाली?" एलेनीबाईंनी माझी बाही ओढली.

मी सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, हात हलवून, जमेल तसं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या रडायला लागल्या.

"मुलांनी इथेच राहावं असं मी म्हटलं ते पगारासाठी नाही," त्या म्हणाल्या. "मला लाज वाटत होती. सगळं जग आम्हाला खोटारडे म्हणतंय. अशा घरात दुसऱ्याची मुलगी कशी बोलवायची? मला वाटलं, थोडी वर्षं जाऊ देत. देश नीट होऊ दे, मग बोलावू." त्यांनी मेरलिनचा हात हातात घेतला. "पण हिला आमची लाज वाटत नाही."

डॉमनिक उठून गाडीकडे निघाला. मागच्या सीटवर मी मनातल्या मनात माळेचे मणी ओढत होते. घरी आल्यावर सबिना त्याला म्हणाली, "हॉलवाल्याला फोन करून नको सांगायचं असेल, तर आताच सांग." त्याने फोनकडे पाहिलं आणि तो आंघोळीला निघून गेला.

शुक्रवार

सकाळी मी उठले तर डॉमनिक इस्त्रीच्या टेबलापाशी! स्वतःचा सूट स्वतः इस्त्री करत होता. मी दारातच थांबले.

"बघत काय बसलीस?" तो म्हणाला. "तुझी साडी दे. ह्या बायकांना आज वेळ मिळायचा नाही."

मला नाचावंसं वाटलं. साडी देताना मी विचारलं, "मग हो म्हणायचं का?"

"तिने मला पहिल्यांदा मनातलं माझ्या भाषेत सांगितलं, फिलू. नाही कसा म्हणू?" इस्त्री फिरवत तो पुढे म्हणाला, "भीती गेलेली नाही. ती घेऊनच हो म्हणतोय."

संध्याकाळी हॉल गच्च भरला. वसईचे, मुंबईचे, डॉमनिकच्या कचेरीतले नागपूर-अमरावतीकडचे इंजिनीअर आणि त्यांच्या बायका, केरळी शेजारी, कंपनीचे ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, सगळे आले. फादरांनी अंगठ्यांना आशीर्वाद दिला. ग्रीक रीतीप्रमाणे अंगठी उजव्या हातात घालायची. मेरलिनने घाईत डावा हात पुढे केला आणि एलेनीबाईंनी तो चापट मारून खाली केला! मग बँड सुरू झाला. वसईची गाणी लागली, आणि स्टाव्रोसनी हात पसरून मध्ये उडी घेतली. त्यांनी आपल्या एका खांद्याला अर्बाबांना आणि दुसऱ्याला मला धरलं, आणि पाय कसे टाकायचे ते शिकवत आम्हाला गोल फिरवायला लागले. निवृत्त शिक्षिका भर हॉलमध्ये ग्रीक नाच नाचतेय! वसईला कोणी पाहिलं असतं तर खरं मानलं नसतं.

धाप लागली म्हणून मी डॉमनिकच्या शेजारी येऊन बसले. त्याच्या कचेरीतले एक गृहस्थ बिर्याणीचं ताट घेऊन त्याच्याशी बोलत होते.

"काय डॉमनिकभाऊ, मुलगी ग्रीसला जाणार म्हणे? आत्ता? अहो, आधी दुबईच्या कर्जाची बातमी आली, आता ग्रीसची. तो देश बुडाला की हो! युरोतून हाकलणार आहेत त्यांना. त्यांच्या सरकारने सगळ्यांना फसवलं, असं कालच वाचलं मी."

हेच सगळं, याच शब्दांत, डॉमनिक मला आठवडाभर ऐकवत होता.

डॉमनिकने टायची गाठ सारखी केली.

"ते आधीचं सरकार," तो म्हणाला. "हे नवीन आहे. ह्यांनी येऊन खरं सांगितलं, म्हणून तर तुम्हाला वाचायला मिळालं. आता निस्तरतील, वेळ लागेल. आणि हाकलणार म्हणजे काय? बाहेर काढायचा नियमच नाही."

"तसं नाही, मी आपलं वाचलं म्हणून..."

"वाचा की. पण जरा जपून बोला," डॉमनिक म्हणाला. "आमच्या व्याह्यांचा देश आहे तो."

आणि तो उठून नाचायला गेला.